महामारीत रुग्णांची ने-आण : उज्जैनचा अनुभव आणि ख्रिस्तसभेची परंपरा

१. प्रश्नाचे स्वरूप

महामारीचा इतिहास लिहिणारे अभ्यासक सामान्यतः रोगाचा उगम, मृतांची संख्या, सरकारचे उपाय आणि लसीचा शोध या गोष्टींची नोंद करतात. रुग्णालयांचाही इतिहास लिहिला जातो. त्यात इमारती, खाटा, डॉक्टर आणि देणगीदार येतात. परंतु एका रुग्णालयाच्या दारापासून दुसऱ्या रुग्णालयाच्या दारापर्यंत रुग्णाला जी वाट चालावी लागते, तिचा इतिहास क्वचितच कोणी लिहितो. याचे कारण शोधण्यास दूर जावयास नको. रुग्ण पहिल्या ठिकाणी असेपर्यंत त्याचे नाव एका वहीत असते. दुसऱ्या ठिकाणी पोचल्यावर ते दुसऱ्या वहीत चढते. मधल्या वेळी तो कोणाच्याच वहीत नसतो. ज्याची नोंद नाही त्याची जबाबदारीही कोणाची नाही, असे मानण्याकडे मनुष्यस्वभावाचा ओढा असतो.

प्रस्तुत लेखात ह्या मधल्या वाटेचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. उज्जैन नगरीत २०२० साली घडलेल्या घटनांपासून आरंभ करून, ख्रिस्तसभेच्या पूर्वपरंपरेत आणि आमच्या महाराष्ट्राच्या इतिहासात ह्या वाटेविषयी काय सापडते ते पाहावे, आणि त्यातून धर्मगुरू व धर्मशिक्षक यांना काही बोध घेता येतो काय याचा शोध घ्यावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

२. उज्जैन, २०२०

उज्जैन मराठी वाचकाला परके नाही. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. १८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी येथेच होती, आणि क्षिप्रेच्या काठी मराठी घराणी अद्याप नांदत आहेत. ख्रिस्ती सेवेची परंपराही येथे जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर माळव्यात आले व उज्जैनमध्येही त्यांनी काम केले. १९६८ साली सिरो-मलबार परंपरेतील धर्मसेवकांकडे ह्या भागाची जबाबदारी सोपविण्यात आली, आणि १९७७ साली उज्जैन धर्मप्रांत अस्तित्वात आला.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाच्या साथीला जागतिक महामारी म्हणून घोषित केले. २५ मार्चपासून आपल्या देशात टाळेबंदी सुरू झाली. त्याच दिवशी मध्य प्रदेशातील ह्या रोगाच्या पहिल्या मृत्यूची नोंद झाली. मृत स्त्री उज्जैनची, वय ६५ वर्षे. पण तिने प्राण सोडला तो इंदूरच्या सरकारी रुग्णालयात. उज्जैनहून तिला इंदूरला हलविण्यात आले होते. दोन शहरांतील अंतर सुमारे ५५ किलोमीटर. म्हणजे त्या राज्यातील महामारीच्या मृत्यूंची पहिलीच ओळ रुग्णाच्या प्रवासाने सुरू होते.

दुसरी घटना एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातील. पंचावन्न वर्षांच्या एका स्त्रीला श्वास घेण्यास त्रास होऊ लागला व रक्तदाब वाढला, म्हणून तिला जिल्हा रुग्णालयात आणले गेले. लक्षणे संशयास्पद वाटल्यावरून तिला संशयितांसाठी राखून ठेवलेल्या दुसऱ्या सरकारी रुग्णालयात पाठविले. तेथे तपासणीसाठी नमुना घेतला गेला. प्रकृती अधिक ढासळल्यावर तिला तिसरीकडे, एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेण्याचे ठरले. रुग्णवाहिका तेथे पोचली तेव्हा अतिदक्षता विभागाला कुलूप होते. किल्ली कोणाकडे आहे हे सापडेना. अखेर कुलूप तोडण्यात आले. उपचारांचा प्रयत्न झाला, परंतु ती वाचली नाही. त्या दिवसांतील वृत्तपत्रांनी ही हकीकत देशभर पोचविली.

ह्या घटनेकडे केवळ एका रुग्णालयाचा गलथानपणा म्हणून पाहिल्यास तिचा खरा अर्थ हाती लागणार नाही. ह्या स्त्रीच्या वाटेवर तीन दारे होती. पहिल्या दाराशी तिला संशयित ठरविले गेले. दुसऱ्या दाराशी नमुना घेतला गेला, पण त्याचा निकाल येण्यास वेळ होता. आणि तो येईपर्यंत ती रोगी आहे की नाही हे कोणालाच सांगता येत नव्हते. महामारीत रुग्णालयांची वाटणी रोगाच्या नावावरून होते : हे बाधितांचे, ते संशयितांचे, तिसरे इतरांचे. परंतु ज्याला श्वास लागला आहे तो रोगाचे नाव घेऊन येत नाही. वाटणी जितकी काटेकोर, तितका मधल्या अवस्थेतील मनुष्य अधिक निराधार. तिसऱ्या दाराशी जे घडले त्याचे मूळ हे होते की, पाठविणाऱ्याने दार उघडे असल्याची खात्री करून घेतली नव्हती, आणि रुग्णाला हाती घेण्यासाठी दारात कोणी उभे नव्हते.

ह्यानंतर, ७ एप्रिल २०२० रोजी, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तीन पायऱ्यांची व्यवस्था लेखी जाहीर केली. सौम्य लक्षणांसाठी काळजी केंद्र, मध्यम लक्षणांसाठी आरोग्य केंद्र आणि गंभीर रुग्णांसाठी रुग्णालय अशी ती रचना होती. प्रत्येक केंद्र वरच्या पायरीवरील ठरावीक रुग्णालयाशी जोडलेले असावे आणि त्यासाठी रुग्णवाहिका सज्ज असावी, असे त्या सूचनांत म्हटले होते. मधल्या वाटेलाही व्यवस्था लागते हे त्या कागदावर मान्य झाले. पण कागद निघाला तेव्हा उज्जैनच्या त्या दोघी जगात नव्हत्या.

रुग्णाला हलविणे ही स्वभावतः वाईट गोष्ट आहे असा आमचा मुळीच आग्रह नाही. एप्रिल २०२१ मध्ये प्राणवायूची टंचाई निर्माण झाली असता मुंबई महानगरपालिकेने एका रात्रीत सहा रुग्णालयांतील १६८ रुग्ण अन्य केंद्रांत सुखरूप हलविले. त्यापूर्वी, २०२० च्या जूनपासून, त्या शहरातील २४ प्रभागांत स्वतंत्र नियंत्रण कक्ष उघडून खाटा देण्याचे काम तेथून चालविले जात होते. म्हणजे रुग्णाच्या नातेवाइकाने दारोदार फिरण्याऐवजी कोणती खाट रिकामी आहे हे आधी विचारले जात होते. तीच रुग्णवाहिका, तेच रस्ते. फरक एवढाच की, येथे वाटेला मालक होता.

३. प्रारंभीच्या ख्रिस्तसभेची साक्ष

ख्रिस्तसभेला हा प्रश्न नवा नाही. तिसऱ्या शतकाच्या मध्यास रोमन साम्राज्यात मोठी साथ पसरली. अलेक्झांड्रियाचे बिशप संत दिओनिसियस यांनी त्या काळी लिहिलेल्या पत्राचा काही भाग युसेबियसने आपल्या इतिहासाच्या सातव्या ग्रंथात जपून ठेविला आहे. ख्रिस्ती लोक रोग्यांची शुश्रूषा करताना स्वतःच्या जिवाची पर्वा करीत नसत, मृतांना खांद्यावर वाहून नेत, आणि लवकरच त्यांच्या मागोमाग जात, असे बिशप सांगतात. उलट इतर लोक रोगाची लक्षणे दिसताच आपल्याच माणसांना दूर लोटीत आणि अर्धमेल्या स्थितीत रस्त्यावर टाकीत, असेही ते म्हणतात. हे पत्र विश्वासीयांना धीर देण्यासाठी लिहिलेले असल्याने त्यातील स्तुती व निंदा दोन्ही काहीशा सावधपणे वाचल्या पाहिजेत. ख्रिस्ती मनुष्य भ्यालाच नसेल आणि इतरांपैकी कोणीच कनवाळू नसेल, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. तरीही एक गोष्ट त्यातून निश्चित कळते. त्या काळी ख्रिस्ती प्रीतीची कसोटी घराच्या आत जितकी लागत होती तितकीच रस्त्यावर, रोग्याला उचलण्यात, लागत होती.

चौथ्या शतकात संत बेसिल यांनी कैसरियाच्या वेशीबाहेर रुग्ण, वाटसरू व कुष्ठरोगी यांच्यासाठी मोठी वसाहत उभारली. नाझियांझचे संत ग्रेगरी यांनी तिला नव्या नगराची उपमा दिली आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने संत बेसिल यांचे प्रांताधिकारी एलियास याला लिहिलेले पत्र महत्त्वाचे आहे. आपल्या संस्थेत काय काय लागते याची यादी देताना ते शुश्रूषा करणारे आणि वैद्य यांच्याबरोबर ओझ्याची जनावरे आणि वाटेत सोबत करणारी माणसे यांचाही उल्लेख करतात. खाट आणि वैद्य एवढ्याने रुग्णालय पूर्ण होत नाही; रुग्णाला आणणारे जनावर आणि त्याच्या शेजारून चालणारा सोबती हेही रुग्णालयाचेच अंग आहे, असे त्या थोर आचार्यांना वाटत होते. आज आपल्या संस्थांच्या अहवालांत सोबत्याचा रकाना कोठे असतो?

पाचव्या शतकारंभी अलेक्झांड्रियात ‘पाराबालानी’ नावाचा सेवकवर्ग आढळतो. रोग्यांची काळजी घेणे व त्यांना वाहून नेणे हे त्यांचे काम. जिवावर उदार झालेले लोक, असा त्यांच्या नावाचा अर्थ लावला जातो. परंतु ४१६ साली सम्राटाने कायदा करून त्यांची संख्या ५०० वर मर्यादित केली आणि त्यांना नगरसभा, न्यायालये व सार्वजनिक खेळ यांपासून दूर राहण्याची आज्ञा केली. ४१८ साली ही मर्यादा ६०० करण्यात आली व त्यांना पुन्हा बिशपांच्या देखरेखीखाली देण्यात आले. असा कायदा का करावा लागला? कारण रोगी उचलणारे हे बळकट बाहू धर्मकलहांत दहशत घालण्यासाठीही वापरले जात होते. ४४९ साली इफिससच्या वादग्रस्त परिषदेतही त्यांच्या दांडगाईची तक्रार झाली. हा इतिहास आम्ही मुद्दाम सांगत आहो. सेवेसाठी स्थापिलेली संघटना सत्तेची हत्यारे कशी बनते, हे ख्रिस्तसभेने स्वतःच्या घरात पाहिले आहे. म्हणून आपल्या सेवेविषयी बोलताना नम्रता बाळगणे आपणास शोभते.

४. पुणे, १८९७

आता आमच्याकडे येऊ. १८९६ साली मुंबईत गाठीचा प्लेग दिसू लागला व लवकरच तो पुण्यास पोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. हाच कायदा १२३ वर्षांनी कोरोनाच्या वेळी राज्यांनी पुन्हा हाती घेतला. पुण्यात रँड यांच्या अधिकाराखाली सैनिक घरोघर शिरून रोगी शोधू लागले. ज्याच्या अंगी लक्षण दिसेल त्याला रुग्णालयात आणि त्याच्या घरच्यांना विलगीकरण छावणीत नेण्यात येई. ह्या ने-आणीत वाहन होते, माणसे होती, हुकूम होता. नव्हता तो विश्वास. लोक रोगी लपवू लागले, कारण घरातून गेलेला मनुष्य कोणाच्या हाती गेला हे त्यांना कळत नव्हते.

ह्याच काळात पंडिता रमाबाईंनी ‘बाँबे गार्डियन’ ह्या पत्रात आपली तक्रार मांडली. त्यांच्या आश्रयाखालील एका मुलीला प्लेगच्या व्यवस्थेत नेले गेले, आणि त्या ठिकाणी स्त्रियांच्या सुरक्षिततेकडे लक्ष दिले जात नव्हते, असे त्यांनी निर्भयपणे लिहिले. सरकारने आरोप नाकारले; प्रकरणाचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत उमटले. रमाबाई ख्रिस्ती होत्या आणि राज्यकर्तेही ख्रिस्ती म्हणविणारे होते. तरीही त्यांनी स्वधर्मीयांची भीड धरली नाही. नेलेल्या मुलीचे काय झाले, हा त्यांचा साधा प्रश्न होता. ज्याने नेले त्याने उत्तर दिले पाहिजे, हे तत्त्व त्यात होते.

त्याच वर्षी, त्याच पुण्यात, दुसरी एक स्त्री काय करीत होती? सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तेथे आणीत. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी आपल्या पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत आणले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांना त्या रोगाचा संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या काळात सवर्ण हिंदू त्या वस्तीची सावलीही टाळीत होता, त्या काळात ६६ वर्षांच्या ह्या स्त्रीने तेथील लेकराला पाठीशी बांधले.

सावित्रीबाई ख्रिस्ती नव्हत्या. त्या सत्यशोधक होत्या. धर्मगुरूने आपल्या प्रवचनात हे लपविण्याचे काही कारण नाही. येशूने शास्त्र्याला उत्तर देताना याजकाला किंवा लेव्याला आदर्श केले नाही. मंदिराच्या बाहेरच्या, तुच्छ लेखलेल्या शोमरोन्याला केले. आमच्या महाराष्ट्रात तो दाखला प्रत्यक्ष घडला, आणि त्यातील शोमरोनी कोण होता हे आम्हांला ठाऊक आहे.

५. दाखल्याचा उत्तरार्ध

संत लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील हा दाखला सांगताना आम्ही बहुधा पहिल्या भागावर थांबतो : शोमरोन्याला दया आली, त्याने जखमा बांधल्या. परंतु आमच्या विषयाचा गाभा उत्तरार्धात आहे. त्याने जखमी मनुष्याला आपल्याच जनावरावर बसविले, म्हणजे स्वतः पायी चालला. उतारशाळेत नेल्यावर त्याला दारात सोडून तो निघून गेला नाही. ती रात्र त्याने स्वतः काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी त्याने त्याला उतारशाळेच्या रक्षकाच्या स्वाधीन केले, दोन दिनार दिले, अधिक खर्चाची हमी घेतली आणि परत येण्याचे वचन दिले.

एका हातातून दुसऱ्या हातात देण्याची ही रीत अत्यंत सावध आहे. स्वीकारणारा कोण हे ठरलेले आहे. खर्च कोणी सोसावयाचा हे ठरलेले आहे. आणि पाठविणाऱ्याची जबाबदारी स्वाधीन करण्याने संपत नाही, हेही ठरलेले आहे. परत येण्याच्या वचनामुळेच ते देणे टाकून देण्याहून वेगळे ठरते. प्राचीन आचार्यांनी उतारशाळेत ख्रिस्तसभेची आणि परत येणाऱ्यात ख्रिस्ताची खूण पाहिली. त्या अर्थाने पाहता, आमच्या दाराशी आलेला प्रत्येक रुग्ण आमच्या स्वाधीन केलेला आहे आणि त्याचा हिशेब विचारणारा यावयाचा आहे.

देशाचा कायदाही हळूहळू ह्याच निष्कर्षावर आला. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा यांच्या अर्जावर निर्णय देताना जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे प्रथम कर्तव्य असल्याचे सांगितले. पुढे पश्चिम बंगालमधील एक शेतमजूर १९९२ साली रेल्वेतून पडला. एकामागून एका सरकारी रुग्णालयाने खाट नाही म्हणून त्याला परतविले, आणि शेवटी त्याला खासगी रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. १९९६ साली न्यायालयाने हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरविला, आणि कोठे खाट रिकामी आहे हे कळविणारी मध्यवर्ती व्यवस्था उभारावी अशीही सूचना केली. ती सूचना सर्वत्र मनावर घेतली गेली असती, तर चोवीस वर्षांनी आलेल्या महामारीत कित्येकांची वणवण टळली असती.

६. आमचा हिशेब

दुसऱ्यांचे दोष सांगून हा लेख संपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एप्रिल २०२१ मधील एका रात्री आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने दूरध्वनी केला. वडिलांना श्वास लागला होता आणि एका रुग्णालयाने परत पाठविले होते. आम्ही त्याला आणखी तीन रुग्णालयांचे क्रमांक दिले, प्रार्थना करतो असे सांगितले आणि दूरध्वनी ठेवला. त्या क्षणी आपण मदत केली असेच आम्हांस वाटले. त्या तिन्ही ठिकाणी जागा नव्हती, हे आम्हांला दुसऱ्या दिवशी दफनविधी ठरविण्याच्या वेळी कळले. क्रमांक देण्यापूर्वी आम्ही स्वतः तेथे चौकशी केली असती तर तो मनुष्य वाचला असता, असे कोणी म्हणू शकणार नाही. पण त्याच्या मुलाला त्या रात्री एकट्याने दारोदार फिरावे लागले नसते. उज्जैनच्या कुलपाविषयी वाचताना आम्हांस राग आला होता. त्या रात्री आम्हीही एका माणसाला, दार उघडे आहे की नाही हे न पाहता, पुढे पाठविले होते.

म्हणून काही गोष्टी आम्ही स्वतःसाठी आणि वाचकांसाठी नोंदवितो. प्रत्येक धर्मग्रामात दोन-तीन विश्वासू माणसे अशी असावीत की, ज्यांना जवळच्या रुग्णालयांचे आपत्कालीन विभाग, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आणि सरकारी कार्यालयातील योग्य अधिकारी यांची माहिती आहे. रुग्णाला हलविण्यापूर्वी त्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात : खाट आहे काय, दारात कोण घेणार आहे, आणि केस पेपर सोबत दिला आहे काय. रुग्णाचे नाव नव्या वहीत चढेपर्यंत एकाने तेथे थांबावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. धर्मशिक्षकांना हे काम आपल्या पाठांपासून वेगळे वाटण्याचे कारण नाही. दयेची कृत्ये मुलांना पाठ करावयास लावणाऱ्याने त्यांतील एक तरी त्यांना डोळ्यांनी दाखवावे.

आपल्या संस्थांनीही स्वतःला विचारावे. आमच्या दवाखान्यातून ‘पुढे घेऊन जा’ असे सांगितलेल्या रुग्णाचे नंतर काय झाले, हे आम्ही कधी विचारतो काय? रमाबाईंचा प्रश्न आमच्याही दाराला लागू आहे.

संस्कारांच्या बाबतीत ख्रिस्तसभेने त्या काळात एक अर्थपूर्ण पाऊल उचलले. २० मार्च २०२० रोजी रोममधील प्रायश्चित्त-न्यायासनाने, रुग्णांपर्यंत पोचणे अशक्य असेल तेथे, परिस्थितीनुसार रुग्णकक्षाच्या दारापाशी उभे राहून सामूहिक पापक्षमा देण्याचा मार्ग मोकळा केला. धर्मगुरूचे स्थान दारापाशी आहे हे त्यातून पुन्हा सांगितले गेले. दार उघडत नसेल तर त्याने तेथेच उभे राहावे. पण घरी बसू नये.

बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षे पडून असलेल्या मनुष्याने येशूपुढे जे गाऱ्हाणे मांडले ते आजाराचे नव्हते. पाणी हलताच आपल्याला आत सोडील असे कोणी आपल्यापाशी नाही, हे त्याचे दुःख होते. तळे तेथेच होते, पाणीही होते. उणीव होती ती तेथवर नेणाऱ्याची. पुढील महामारी केव्हा येईल हे आम्हांस ठाऊक नाही. ती येईल तेव्हा आमच्या धर्मग्रामातील कोणाही रुग्णाच्या तोंडी ते गाऱ्हाणे येऊ नये, एवढी तयारी मात्र आजपासून आमच्या हाती आहे.